दोघांत एकच फाईल

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या जळोचीत मला कुणी भित्रा म्हणणार नाही. तापट म्हणतील. डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि पाणी घातलेलं दूध आणणाऱ्याला मी भर रांगेत झापायचो. पण खरी गोष्ट अशी, की मला भीती वाटली की माझा आवाज चढतो. मुलीला लहानपणी ताप आला की मी बायकोवर ओरडायचो. मुलगी कॉलेजातून उशिरा आली तरी ओरडा बायकोलाच. ती ऐकून घ्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

नोकरी होती तोवर डेअरीचा विमा होता. निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली आणि ऑफिसातल्या क्लार्कने हळूच सांगितलं, की आता आजारपणाचा विमा तुमचा तुम्ही काढा. मी मान हलवली. पुढची सात वर्षं मी ती मानच हलवत राहिलो.

मग गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, सकाळी फिरून येता येता दारातच बसले. छातीवर हात, कपाळावर घाम. त्यांच्या मुलाने त्यांना गाडीत घातलं आणि नेलं. आठवड्याने ते बरे होऊन घरी आले, मी भेटायला गेलो. निघताना त्या मुलाने सहज विचारलं, "तात्या, तुमची पॉलिसी कुठल्या कंपनीची?" त्याचा काही हेतू नव्हता, त्याला नुसती तुलना करायची होती. "हाय एक," असं काहीतरी पुटपुटून मी घरी आलो आणि आल्या आल्या पंखा चालू का ठेवला म्हणून बायकोवर खेकसलो.

त्या दिवसापासून मी स्वतःच्या अंगातली एकेक कळ मोजायला लागलो. डावा खांदा दुखला की घाम फुटायचा. ढेकर आली की जरा बरं वाटायचं. पहिला नंबर आपलाच लागणार, अशी माझी खात्रीच होती. बायकोचा विचार मनाला शिवला नाही. ती सदुसष्ट वर्षांच्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, दिवसभर उभी, कधी कुरकुर नाही. ती कशी आजारी पडेल?

माझ्या स्कूटरचा विमा सांगवीच्या एक भाभी काढतात. पूर्वी त्या शिवणकाम करायच्या. आता बारामतीत त्यांची एका शटरची जागा आहे, पण निम्मं ऑफिस स्कूटीच्या डिकीत असतं. त्यांना फोन केला आणि घसा खाकरत विचारलं, "भाभी, माणसांचा बी काढता का विमा?"

"तात्या, स्कूटरचा दरसाल टायमाला काढता, आन् सोताचा आत्ता आठवला व्हय?" त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्या.

टेबलावर त्यांनी तीन कंपन्यांची पत्रकं मांडली. एकीत जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागणार होतं. दुसरीत थांबणं कमी, पण दर वेळी बिलातला एक हिस्सा आपण भरायचा. तिसरीत दवाखान्यातली खोली कुठली घ्यायची, याला मर्यादा. "सत्तर पुरी झाली की फुकट उपचाराचं सरकारी कार्ड निघतंय," त्या म्हणाल्या, "पर तुमाला तीन वर्सं हायती आन् काकींना सात. मधल्या वर्सांचं काय?" मी हो हो म्हणत होतो, पण डोक्यात काहीच शिरत नव्हतं. भीती वाटते तेव्हा माझे कान बंद होतात. भाभींनी ते ओळखलं. त्यांनी पत्रकं बाजूला सारली.

"तात्या, डेअरीत दूध आत घ्यायच्या आधी तपासायचा का न्हाय? हितं उलटं हाय. पैसं घेताना कुणी खोलात जात न्हाय. क्लेम आला की मग समदं तपासत्यात. म्हून आपुनच आधी खरं सांगायचं. त्यातली कंची घ्यायची ते मी बघते."

हे मला कळलं. मग त्यांनी फॉर्म काढला आणि चष्मा लावला. आधी माझे प्रश्न झाले. बीपी? आहे. साखर? नाही. दम लागतो? छातीत दुखतं? नाही. मग बायकोचे सुरू झाले आणि तिच्याही प्रश्नांना मीच उत्तरं द्यायला लागलो. बीपी, आहे थोडं. दम, नाही. चक्कर, नाही. भाभींनी पेन खाली ठेवलं.

"ज्याचं त्यानं बोलायचं. काकींच्या पोटात काय होतंय ते तुमाला कसं ठावं?"

"तिचं मला समदं म्हाईत हाय," मी म्हणालो. बायको मोरीपाशी उभी राहून पदराला हात पुसत होती.

"बरं, मग औषधाची कागदं दावा," भाभी म्हणाल्या. मी कपाटातून फाईल आणली.

आता या फाईलबद्दल सांगायला हवं. आमचे डॉक्टर इंदापूरचे. बायकोचं माहेर त्या बाजूला, सासूबाईंपासून सगळ्यांची नाडी त्यांनीच पाहिलेली, म्हणून बारामतीत पावलोपावली दवाखाने असून आम्ही इंदापूर सोडलं नाही. मला बीपी निघालं तेव्हा तिथे माझी फाईल झाली. दोन वर्षांनी तिलाही निघालं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांची वेगळी फाईल करू. मी म्हणालो, कशाला? गोळी तीच, घर तेच. माझ्याच कागदावर दुप्पट लिहून द्या. दर दोन महिन्यांनी मी एकटा एसटीने जायचो, काटेवाडी, भवानीनगर, निमगाव करत. डॉक्टर विचारायचे, "बाईंचं कसं काय?" मी म्हणायचो, "झकास." आणि दोघांच्या गोळ्या घेऊन परत यायचो. आमच्या ओळखीत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे नवऱ्याच्या कागदावर बायकोचं औषध येतं. त्यात चुकीचं काही आहे असं कुणाला वाटत नाही. मला तर अभिमान होता. तिला एसटीत धक्के खायला लावले नाहीत, असं मी चारचौघांत सांगायचो.

भाभी एकेक कागद उलटत गेल्या आणि मधेच थांबल्या. ईसीजीची एक पट्टी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर माझं नाव होतं.

"तात्या, ही चार वर्सांपूर्वीची. ह्यात काय तरी फरक हाय असं डॉक्टरांनी खाली लिवलंय. तुमी तर छातीचं कायच न्हाय म्हणालात."

मी पट्टी हातात घेऊन नीट बघितली. ती पट्टी माझी नव्हती. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात बायकोला चक्कर आली होती, तेव्हा तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. नाव काय लिहू, असं कंपाउंडरने विचारलं, आणि मी म्हणालो होतो, ह्याच फाईलला लावा. पुढे पंगतीला उशीर होईल म्हणून आम्ही निघून आलो. ती पट्टी मी चार वर्षांत पुन्हा पाहिली नव्हती.

"ही तिची हाय," मी म्हणालो.

भाभींनी फाईल मिटली. कागदावर मी हृदयाचा रोगी होतो आणि बायको ठणठणीत. तिच्या नावाचा एक कागद त्या घरात नव्हता.

माझ्या डोक्यात लगेच एक कल्पना आली, आणि ती तेव्हा मला फार थोर वाटली. म्हटलं, "भाभी, मग हाय तसंच ऱ्हाऊ द्या की. ती कागदावर निरोगी हाय, तिची पॉलिसी लगेच हुईल. माझी नाकारली तर नाकारली."

"आन् उद्या काकींना ॲडमिट केलं, डॉक्टरांनी इचारलं, आजी, बीपी किती वर्सं झालं? काकी काय सांगतील?"

"हाय ते सांगीन," बायको मोरीपाशूनच म्हणाली. "मला न्हाय खोटं बोलाय येत."

"झालं. ते त्या ॲडमिशनच्या कागदावर येणार आन् क्लेम परत. माझ्या एका गिऱ्हाईकाचं आसंच झालंय, मला त्यांच्या दारावरनं जायाची लाज वाटती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तात्या, विमा ऱ्हाऊ द्या घडीभर. काकी कुठं चक्कर येऊन पडल्या तर डॉक्टर कुठली फाईल बघणार? आदी इंदापूरला जावा, दोघं जावा. काकींची फाईल काढा. फॉर्म मी ठेवते, पळून जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीत बसलो. बायको खिडकीपाशी. निमगावच्या स्टँडवर तिने दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काय न्हाय, ऊन लागतंय. खिडकीतून ऊन येत नव्हतं, पण मी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं, आणि उत्तराची मला भीती होती.

डॉक्टर आता म्हातारे झालेत. त्यांनी तिच्या नावाची नवी फाईल काढली, नवी पट्टी काढली, जुनीच्या शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. लॅबमध्ये दूध नासलेलं निघालं की माझं तोंड असंच व्हायचं.

"फरक वाढलाय," ते म्हणाले. "बारामतीत हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. मी चिठ्ठी देतो. टाळाटाळ करू नका." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चूक माझीही आहे. मी तुमचं ऐकायला नको होतं."

येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसलो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात होती आणि ती मला कपड्यातून टोचत होती. भवानीनगरच्या पुढे माझ्या भित्र्या डोक्याने हिशेब मांडला: तपासणी केली की ते कागदावर येणार. कागदावर आलं की कंपनी पॉलिसी देणार नाही. आणि खरंच काही मोठं निघालं, तर आम्ही दोघं उघड्यावर. म्हणजे आधी पॉलिसी, मग तपासणी. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न. चार वर्षं काही झालं नाही, आठ दिवसांत काय होतंय?

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला बरं वाटंल तसं करा." मी ती चिठ्ठी कपाटात साड्यांच्या खाली सरकवली आणि भाभींना फोन करून सांगितलं, की फाईल झाली, बीपी आणि थोडा फरक लिहा, डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही. इंदापूरला दिलेल्या आमच्या मुलीलाही फोनवर हेच सांगितलं. खोटं बोलताना माझा आवाज अजिबात चढला नाही, हे मला नंतर आठवलं.

पुढचे दिवस मी जे जगलो ते कुणाच्या वाट्याला न येवो. ती जिना चढायला लागली की मी खालून पायऱ्या मोजायचो. ती आंघोळीला गेली की दाराबाहेर उगाच बादली हलवत बसायचो. फोन वाजला की धस्स व्हायचं, आणि फोन वाजला नाही की पॉलिसी का होत नाही म्हणून चिडायचो. दोनदा मी कपाट उघडलं. एकदा चिठ्ठी हातातही घेतली. मग पुन्हा ठेवून दिली. भीती माणसाला सावध करते म्हणतात, मला तिने नुसतं मूर्ख केलं.

नवव्या दिवशी सकाळी भाभी आल्या. कंपनीच्या डॉक्टरीण बाईंचा फोन येणार होता. साठीच्या पुढच्या माणसाला कंपनी फोनवर प्रश्न विचारते, सगळं रेकॉर्ड होतं, आणि दुसऱ्या कुणी मधे बोलायचं नाही. माझा फोन पाच मिनिटांत आटोपला. मग बायकोचा सुरू झाला. भाभींनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो.

"आजी, मी विचारते त्याची खरी उत्तरं द्यायची हं," पलीकडून एक तरुण आवाज म्हणाला.

"आजी कशाला म्हणतीस? इचार की."

भाभी हसल्या. मीही हसलो. तेच शेवटचं हसणं.

बीपी? "हाय, सात वर्सं झाली." साखर? "न्हाय." चालताना दम लागतो का? आणि बायको, जिने मला सात वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता, ती त्या अनोळखी मुलीला सांगायला लागली. सावकाश, एकेक आठवून, जशी ती किराण्याची यादी सांगते तशी. दम लागतो. आधी जिना चढल्यावर लागायचा, आता झाडतानाही लागतो. झोपताना दोन उशा घ्याव्या लागतात, एका उशीवर गुदमरतं. संध्याकाळी पायांवर सूज येते. डावा हात जड होतो.

"हे घरी सांगितलंय का कुणाला?"

"न्हाय. ह्यांना लई भ्या वाटतं. भ्या वाटलं की वरडत्यात. म्हून न्हाय सांगत."

टेबलावर भाभींची बोटं थांबली होती. मी बायकोकडे बघत होतो आणि ती फोनकडे. बोलावंसं वाटलं, पण मला बोलायची परवानगी नव्हती.

"कुठल्या डॉक्टरांनी काही तपासणी करायला सांगितली आहे का?"

"व्हय, चिठ्ठी दिलीया. ह्यांनी साड्यांखाली ठिवलीया. आदी पॉलिसी हुंदे म्हणत्यात."

भाभींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेबद्दल काही लिहीत नाही.

"आणि छातीत दुखण्याचा त्रास शेवटचा कधी झाला, आठवतंय?"

"आठवाय कशाला लागतंय," बायको म्हणाली. "आज सकाळीच."

मग त्या मुलीचा आवाज एकदम बदलला. "आजी, आत्ता दुखतंय का? जवळ कोण आहे? फोन त्यांना द्या." पण भाभींनी तोवर फोन उचलला होता. "मी एजंट बोलतीया मॅडम, फॉर्म बंद करा, आमी दवाखान्यात निघालो," म्हणाल्या, आणि दुसऱ्या फोनवरून त्यांनी रिक्षा बोलावली. चिठ्ठी कपाटातून त्यांनीच काढली, कारण साड्यांची घडी मला उचलता येईना. त्या स्कूटीवर पुढे गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा दवाखान्याच्या दारात चाकाची खुर्ची आणि एक सिस्टर उभी होती.

पुढचं सांगून टाकतो. त्या दिवशी आम्ही वेळेत पोचलो, एवढंच डॉक्टर म्हणाले. तिच्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली. मुलगी इंदापूरहून धावत आली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कंपनीने मला पॉलिसी दिली. बायकोला नाही. भाभी अजून अधूनमधून येतात, तिच्यासाठी कुठे काय निघतं का ते बघतात, आणि येताना तिच्या पायांवर सूज आहे का ते स्वतः दाबून बघतात. तिची सत्तरी यायला सहा वर्षं आहेत. ती सहा वर्षं मी रोज बोटांवर मोजतो.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रिक्षातल्या त्या दहा मिनिटांची. ती डोकं मागे टेकून बसली होती. मी तिचा हात धरला होता. लग्नानंतर रस्त्यावर कधी धरला नव्हता. मी विचारलं, "सकाळी कवा दुखलं?"

"तुमाला चहा दिला की, तवाच."

सकाळचं मला सगळं आठवलं. तिने कप टेबलावर ठेवला होता आणि खुर्चीला धरून थोडी वाकून उभी राहिली होती. चहात साखर कमी होती. मी हातातला पेपर खाली न ठेवता ओरडलो होतो, आणि ती तशीच, छाती धरून, साखर आणायला परत आत गेली होती.